लायमन ग्रेट प्लेन्स, ५० कॅलिबर: ठासणीच्या रायफलीवर दहाचं वर्तुळ गाठायचं तर

कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक पुष्कळांनी पाहिलेली असते, निदान तिच्याबद्दल ऐकलेलं असतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे, गजाने ठासायचं, बुडाशी केप (फटका बसला की ठिणगी देणारी छोटी टोपी) चढवायची आणि घोडा ताणायचा. अमेरिकेत आणि युरोपात याच तंत्रावर नेमबाजीच्या रीतसर स्पर्धा होतात. अमेरिकेतली नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन १९३३ पासून हे काम करते आहे, आणि तिच्या राष्ट्रीय स्पर्धा इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या छोट्या गावी भरतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी जे या खेळाकडे वळतात, त्यांना पहिली रायफल म्हणून लायमनची ग्रेट प्लेन्स अनेकदा सुचवली जाते. पन्नास यार्डांवरच्या कागदी निशाण्यासाठी ती कितपत लायक आहे आणि तिच्याकडून चांगला ग्रुप (एकाच नेमावर टाकलेल्या गोळ्यांची भोकं जवळजवळ पडणं) काढायला नेमकं काय करावं लागतं, ते इथे सांगतो.

निकाल आधीच देतो. नळी उत्तम आहे. नळीचं बूड कटकटीचं आहे, पण ती कटकट कायमची सोडवता येते. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) आणि मागची खाच कामचलाऊ. दस्ता सुंदर, पण धरण्याची वेगळी सवय मागणारा. हिच्यावर गुण जातात ते बहुतेक वेळा बुडामुळे आणि पॅचमुळे (गोळीभोवतीच्या कापडामुळे), नळीमुळे फार क्वचित.

रायफल इटलीत बनवलेली आणि लायमनच्या नावाने विकली गेलेली. घडण सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या, म्हणजे जेकब आणि सॅम्युअल यांच्या, एकोणिसाव्या शतकातल्या डोंगरी रायफलींवर बेतलेली. अष्टकोनी नळी ३२ इंच लांब, अक्रोडाचा दस्ता, काळवलेलं लोखंडी सामान, दोन चापांची जोडी, आणि नळी दस्त्यात धरून ठेवायला दोन आडव्या पाचरी. वजन साडेचार ते पाच किलोच्या घरात, आणि त्यातलं बरंचसं पुढे. उभ्याने नेम धरताना हे पुढचं वजन त्रास देत नाही, उलट माशीचं थरथरणं मंद करतं. दंड मात्र लवकर भरून येतो.

नळीतलं रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरकी देणारे चर, ६० इंचांत एक फेरा घेतं. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी हाच संथ पीळ हवा. याच घराण्यात ३२ इंचांत एक फेरा असलेलं हंटर नावाचं भावंड आहे, ते लांबट गोळीसाठी. जुन्या बाजारात घेताना नळीवरचा मजकूर वाचावा, कारण दोन्ही दिसायला सारख्या असतात. संशय असेल तर गजाला घट्ट पॅच लावून आत ढकला, गजावर एक खूण करा आणि ओढताना गज किती इंचांत किती फिरतो ते मोजा. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी, नाहीतर मोजमाप चुकतं.

आता बुडाकडे. इथे जरा थांबायला हवं, कारण नव्या माणसाची एकाग्रता सर्वांत आधी इथे मोडते. या रायफलीत नळीचं भोक बुडापर्यंत सरळ जात नाही. शेवटी ते अरुंद होऊन एक छोटी कोठी बनते, आणि त्या कोठीतून ठिणगीची वाट निपलकडे, म्हणजे केप बसते त्या पोकळ खुंटीकडे, वळते. दारूचा काही भाग या कोठीत उतरला तरच बार नीट उडतो. नेहमीचा ५० कॅलिबरचा (०.५० इंच भोकासाठीचा) जॅग, म्हणजे गजाच्या टोकाला पॅच धरणारा तुकडा, या कोठीत शिरत नाही. म्हणजे नळी चकचकीत पुसली तरी कोठीत तेल, ओलावा किंवा काजळी तशीच राहते. जाड ओला पॅच दाबून घातला तर सगळी घाण पिचकारीसारखी त्या कोठीतच जाऊन बसते. मग केप फुटते आणि पुढे काही होत नाही. किंवा केप फुटल्यावर क्षणभर थांबून बार उडतो, आणि तोवर माशी काळ्या वर्तुळातून घसरलेली असते.

असे दोन-तीन फुसके बार झाले की नेमबाजाचं मन माशीवर राहत नाही. या वेळी उडेल का, ही शंका डोक्यात बसते आणि चाप ओढायच्या आधीच खांदा आवळला जातो. त्यानंतर श्वासाचे कितीही व्यायाम केले तरी उपयोग नसतो. आधी बार शंभरातले शंभर उडाले पाहिजेत. एकाग्रतेचं बोलणं त्यानंतर.

उपाय सोपे आहेत. घरी, पहिल्यांदा वापरण्यापूर्वी, निपल काढून कोठी स्वच्छ करा. कारखान्यातून येणारं गंज रोखायचं तेल तिथे साचलेलं असतं. ३० कॅलिबरचा ब्रश घेऊन त्यावर पातळ पॅच गुंडाळा, इसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून कोठीत फिरवा, मग कोरडा फिरवा. पॅच पांढरा येईपर्यंत हे करत राहा. निपलच्या आट्यांना अगदी थोडं ग्रीस लावून तो परत बसवा. रेंजवर दारू भरण्याआधी दोन-तीन नुसत्या केपा उडवा. शेवटच्या केपेच्या वेळी नळीचं तोंड निशाण्याच्या दिशेनेच, पण जमिनीलगतच्या गवताच्या पात्याजवळ न्या. पातं हललं तर वाट मोकळी आहे.

दोन बारांच्या मध्ये नळी पुसायला भोकापेक्षा किंचित बारीक जॅग घ्या. पॅच फक्त दमट हवा. पिळला तर थेंब पडता कामा नये. बारीक जॅगवरचा पॅच आत जाताना काजळीवरून सरकतो आणि बाहेर येताना गोळा होऊन तिला ओढून आणतो. एकदा खाली, एकदा वर, बस. मग एक कोरडा पॅच. पुढे-मागे घासत बसलात की काजळी पुन्हा कोठीत. हे एवढं पाळलं तर अख्खी स्पर्धा एकही फुसका बार न होता निघते.

केपा ११ नंबरच्या. निपलवर अंगठ्याने दाबल्यावर केप पूर्ण बसली पाहिजे. वर राहिली तर घोड्याचा पहिला फटका तिला बसवण्यातच खर्ची पडतो आणि ती दुसऱ्या फटक्याला फुटते. कारण असतं निपलचा शंकू जाड असणं किंवा केपेचा ब्रँड बदललेला असणं. निपल ड्रिलमध्ये धरून बारीक पॉलिश पेपरने जरासा उतरवला की काम होतं, पण केप सैल होईपर्यंत उतरवू नका. नवा निपल मागवताना आटे जुळतात याची खात्री करा. इटालियन रायफलींचे आटे मेट्रिक असतात आणि अमेरिकन ब्रँडच्या काही रायफलींचे इंची. चुकीचा निपल दोन फेरे बसतो आणि मग आटे खाऊन टाकतो.

पॅच, गोळी आणि दारू या तिघांचं गणित हा या रायफलीचा दुसरा मोठा विषय. भोक ०.५०० इंचाचं. गोळी ०.४९० इंचाची घेतली तर रायफलिंगच्या उंचवट्यावर प्रत्येक बाजूला फक्त ०.००५ इंच जागा उरते. त्यात ०.०१५ इंच जाडीचं कापड बसायचं, म्हणजे ते दाबून आपल्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं होतं. चरांत मात्र त्याला पसरायला वाव मिळतो. कापड चर भरून काढतं तेव्हाच धूर गोळीच्या बाजूने पुढे पळत नाही. सुरुवातीला ०.४९० ची गोळी आणि ०.०१५ ते ०.०१८ इंचाचं कापड घ्यावं. ०.४९५ ची गोळी कधीकधी आणखी घट्ट ग्रुप देते, पण तोंडाशी बसवायला हातोडीचा ठोका लागतो. तेराव्या बारापर्यंत हात थकतो, आणि थकलेल्या हाताने नेम बिघडतो. या नळीत ०.४९० पुरेशी आहे, असं आमचं ठाम मत.

कापड सुतीच हवं. सिंथेटिक धागा वितळून नळीला चिकटतो. गाद्या-उशांच्या अभ्र्यांचं जाड, घट्ट विणीचं पट्टेदार कापड या कामाला सगळ्यात चांगलं. नवं कापड आधी धुवा, खळ निघून जाऊ द्या, आणि दुकानदाराच्या शब्दावर न जाता जाडी मायक्रोमीटरने मोजा. तेल म्हणून पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल एक भाग आणि पाणी सात भाग असं मिश्रण करा. त्यात पट्ट्या भिजवून आडव्या वाळवल्या की पाणी उडून जातं आणि तेल कापडात सारखं पसरून राहतं. थुंकीने ओला केलेला पॅचही चालतो, आणि जुने नेमबाज तो वापरतात, पण तो बार लगेच उडवावा लागतो. थांबलात तर ओल खाली दारूत उतरते.

आता उडालेले पॅच उचला. ते निशाण्याकडे जात नाहीत, नळीच्या पुढे पाच-दहा मीटरवर पडलेले सापडतात. या रायफलीबद्दलची सगळ्यात खरी माहिती त्यांच्यावर लिहिलेली असते. चांगला पॅच गोल राहतो, मध्यभागी करडा-काळा, कडा थोड्या उसवलेल्या, कुठेही भोक नाही. मधोमध जळून भोक पडलं असेल तर तेल कमी आहे, कापड पातळ आहे किंवा दारू जास्त होते आहे. गोळीच्या कडेच्या वर्तुळावर सारख्या अंतरावर चिरा असतील तर रायफलिंगच्या किंवा तोंडाच्या धारेने कापड कापलं जातं आहे. चिंध्याच सापडल्या तर दोन्ही.

नव्या ग्रेट प्लेन्समध्ये या चिरा हमखास दिसतात. उंचवट्यांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि तोंडाची कड त्याहून तीक्ष्ण. गोळी बसवताना तोंडाशीच कापड कापलं गेलं का, हे पाहायला दारू न घालता पॅच-गोळी थोडीशी आत बसवा आणि गजाच्या टोकाला स्क्रू लावून ओढून काढा. इथेच चिरा दिसल्या तर दोष तोंडाचा. नळीत आधी कापडाचा बोळा कोंबा, म्हणजे खर आत पडणार नाही. २२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून तोंडात दाबा आणि मनगट इकडून तिकडे फिरवा. दर मिनिटाला रायफल पाव फेरा वळवा, नाहीतर कड एका बाजूला जास्त झिजते. मग ४०० आणि ६०० नंबरचा. दहा-पंधरा मिनिटांत कड मऊ होते, आणि हे काम कोणालाही घरी जमण्यासारखं आहे. आतल्या उंचवट्यांसाठी भोकाला घट्ट बसेल असा स्टील वूलचा बारीक पुंजका तेल लावून तोंडापासून बुडापर्यंत पन्नास वेळा फिरवा, किंवा धीर धरा. शंभर-दोनशे बारांत कापडच त्या कडा घासून गुळगुळीत करतं. ज्यांनी नवी रायफल दहा बारांनंतर ‘ग्रुप देत नाही’ म्हणून विकली, त्यांनी घाई केली.

दारू काळी, किंवा तिच्या जागी चालणारी म्हणूनच बनवलेली पर्यायी, दुसरी नाही. आधुनिक धूरविरहित दारू या नळीत घातली तर नळी फुटते, तिथे थोडीशी चालेल हा प्रकार नाही. ५० कॅलिबरला तीन एफ, म्हणजे बारीक, दाणा घ्या. सुरुवात ५० ग्रेनने, म्हणजे सव्वातीन ग्रॅमने. वाळूच्या पिशव्यांवर टेकून पाच बारांचा ग्रुप काढा, मग ५५, ६०, ६५ असं ७५ पर्यंत, प्रत्येकी पाच बार. रायफलीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू आणि कापड एकदम बदललं तर ग्रुप कशामुळे सुधारला ते कळत नाही. कागदाच्या निशाण्यासाठी ५५ ते ६५ ग्रेनच्या मध्ये कुठेतरी ही नळी स्थिरावते. जास्त दारूने कागदाला जास्त मोठं भोक पडत नाही, फक्त खांद्याला मार आणि नळीत काजळी जास्त. ट्रिपल सेव्हन ही पर्यायी दारू वापरणार असाल तर त्याच मापाने साधारण १५ टक्के कमी घ्या, कारण ती काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे. ती गोळीच्या जागेवर एक कडक कडी तयार करते, म्हणून पुसणं टाळता येत नाही.

दारूचं माप घरीच भरून छोट्या नळ्यांमध्ये ठेवा. रेंजवर मापात दारू ओतताना एकदा मापाला टिचकी मारायची आणि एकदा नाही, एवढ्यानेही दोन-तीन ग्रेनचा फरक पडतो. मोठ्या डब्यातून किंवा शिंगातून सरळ नळीत ओतण्याची मात्र कधीही हिंमत करू नका. आत धगधगता कण उरलेला असेल तर हातातला सगळा साठा पेटतो.

गोळ्या शुद्ध शिशाच्या. ०.४९० ची गोळी १७७ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची भरते. घरी ओतलेल्या गोळ्यांचं वजन करा आणि एक ग्रेनहून जास्त हलक्या निघतील त्या परत वितळवा, त्यांच्या पोटात हवेचा पोकळ फुगा असतो. ओतकामाची शेपटी भरताना बरोबर वर, मध्यभागी ठेवा. ती तिरकी राहिली की गोळी फिरताना डोलते.

ठासताना दाब दर वेळी सारखा. गज आपटायचा नाही, आपटून गोळी चपटी होते आणि दारूचे दाणे चुरडतात. भरलेल्या अवस्थेत गजावर तोंडाच्या पातळीला टेपची खूण करा आणि प्रत्येक बाराला गोळी त्या खुणेपर्यंत गेली का ते पाहा. खूण वर राहिली तर गोळी दारूवर टेकलेली नाही. तसा बार उडवला तर मधल्या पोकळीमुळे नळी तिथे फुगते, आणि फुगलेली नळी दुरुस्त होत नाही. खूण फारच वर असेल तर कदाचित दोनदा भरलं आहे. खूण नेहमीपेक्षा खाली गेली तर दारू घालायचीच राहिली. अशा वेळी निपल काढून त्याच्या भोकातून चिमूटभर बारीक दारू आत ढकला, निपल लावा, गोळी खाली ठासलेली आहे याची गजाने खात्री करा आणि निशाण्याकडे तोंड ठेवून बार काढा. रायफलीबरोबर येणारा लाकडी गज रेंजवर वापरू नका, तो तिरपा मोडला तर हातात घुसतो. पितळी किंवा फायबरचा गज घ्या, आणि तोंडाशी मध्यभागी धरणारी पितळी टोपी वापरा, म्हणजे कड झिजत नाही.

केप फुटूनही बार उडाला नाही तर किमान एक मिनिट तोंड निशाण्याकडेच धरून थांबा. उशिरा उडालेले बार या खेळात खरे असतात.

खाच आणि माशीबद्दल थोडक्यात. रायफलीबरोबर एक पक्की मागची खाच आणि एक वरखाली होणारी खाच अशा दोन मिळतात. पारंपरिक गटात उतरायचं असेल तर पक्की लावा, बाकी सरावाला दुसरी बरी. पक्क्या खाचेवर रायफल बहुधा खाली मारते, कारण माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते. ती घासून कमी करायची. किती घासायची हे मोजून ठरवा: गोळी किती इंच खाली लागते ते, गुणिले माशी आणि खाच यांच्यातलं अंतर, भागिले निशाण्याचं अंतर. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. माशी-खाच अंतर २५ इंच असेल आणि गोळी ३ इंच खाली लागत असेल तर ०.०४२ इंच, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर घासायचं. अर्धं घासा, पाच बार टाका, मग उरलेलं. घासलेलं परत चढत नाही. आणि हे काम दारूचं माप पक्कं झाल्यावरच करा, आधी नाही. डावं-उजवं करायचं तर मागची खाच पितळी सुंभ्याने सरकवा, ज्या बाजूला गोळी न्यायची त्याच बाजूला.

चाळिशीनंतर मागची खाच धूसर दिसायला लागते. लायमनचाच ५७ जीपीआर नावाचा छिद्राचा साइट या रायफलीसाठी आहे. डोळा छिद्राच्या मध्याशी आपोआप जुळतो आणि नजर फक्त माशीवर ठेवता येते. या रायफलीवर खर्च करायचाच तर पहिला इथे करावा. फक्त आपल्या क्लबच्या कोणत्या गटात तो चालतो हे आधी विचारा.

दस्त्याचं बूड चंद्रकोरीसारखं आत वळलेलं आहे. आधुनिक रायफलीसारखं ते खांद्याच्या खळग्यात लावलं तर दोन्ही टोकं हाडात रुततात आणि तिसऱ्या बारापासून माणूस दचकायला लागतो. हे बूड खांद्याच्या सांध्याबाहेर, दंडाच्या वरच्या भागावर लावायचं. त्यासाठी अंग निशाण्याला जवळपास काटकोनात वळवा, उजवं कोपर वर उचला आणि डोकं पुढे न झुकवता दस्ता गालापर्यंत आणा. डावरे असाल तर डाव्या हाताचीही आवृत्ती निघालेली आहे.

चाप दोन. मागचा ओढला की पुढचा अगदी हलका होतो, नुसत्या स्पर्शाने सुटणारा. मागचा चाप नळी निशाण्यावर स्थिर झाल्यावरच लावायचा, त्याआधी नाही. दोन्ही चापांच्या मध्ये एक बारीक स्क्रू आहे, त्याने पुढच्याचा हलकेपणा ठरतो. तो बदलल्यावर रिकाम्या रायफलीवर घोडा ताणून, मागचा चाप लावून, दस्त्यावर तळहाताने थापटा. घोडा पडला तर स्क्रू अर्धा फेरा मागे घ्या. फार हलका चाप उभ्याने नेमबाजी करताना तोट्याचाच. बोट टेकलं आहे हे जाणवलं पाहिजे, नाहीतर बार मनात नसताना सुटतो आणि पुढच्या बाराला बोट भीत-भीत जातं.

ठासणीच्या रायफलीत चाप सुटल्यापासून गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत आधुनिक रायफलीपेक्षा जास्त वेळ जातो. जड घोडा पडायचा, केप फुटायची, ठिणगी वळणातून कोठीत जायची, दारू पेटायची, आणि गोळीने ३२ इंच नळी पार करायची. त्या सगळ्या वेळात माशी जागेवर हवी. म्हणून बार उडाल्यावरही नजर माशीवर ठेवून मनात ‘एक-दोन’ मोजा, मगच डोकं उचला. धुरापलीकडे भोक कुठे पडलं हे बघायची घाई हा या खेळातला सगळ्यात महाग दोष आहे. माशी सुटली त्या क्षणी कुठे होती, हे प्रत्येक बारानंतर स्वतःला सांगा आणि वहीत लिहा: ‘तीनच्या बाजूला, किंचित खाली’. मग दुर्बिणीतून भोक पाहा. दोन्ही जुळत असतील तर रायफल ठीक, सराव हवा. जुळत नसतील तर पॅच तपासा.

नजर माशीवर, निशाण्यावर नाही. काळं वर्तुळ थोडं धूसरच दिसलं पाहिजे. वर्तुळ माशीच्या टोकाच्या अगदी वर, मध्ये पांढऱ्याची बारीक रेघ ठेवून धरा, कारण काळ्यावर काळी माशी उन्हात हरवते. नेम पाच ते आठ सेकंदांत झाला नाही तर रायफल खाली घ्या. त्यापुढे डोळ्याला प्राणवायू कमी पडतो, माशी दुहेरी दिसू लागते, आणि माणूस ‘आता तरी’ म्हणून चाप ओढतो. खाली घेताना तोंड निशाण्याकडे, अंगठा घोड्यावर, आधी केप काढा.

दचकणं मोडायला दोन गोष्टी करा. घरी निपलवर चामड्याचा तुकडा किंवा नळाचा रबरी वॉशर ठेवून, रिकाम्या रायफलीवर, रोज पंधरा वेळा घोडा पाडा आणि माशी हलते का बघा. चामड्याशिवाय करू नका, निपलचं तोंड चपटं होतं. रेंजवर जोडीदाराला रायफल भरायला सांगा, कधी भरलेली, कधी रिकामी, पण केप दर वेळी लावलेली. रिकामी असताना माशी खाली डुबकली तर दोष कुठे आहे ते दोघांनाही दिसतं.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३० मिनिटांत १३ बार टाकायचे असतात आणि त्यांतले उत्तम १० धरतात. म्हणजे एका बाराला सव्वादोन मिनिटं. पुसणं, भरणं, ठासणं यात दीड मिनिट जातं. हा वेळ वाया जात नाही, ती विश्रांती आहे. हातांना ठरलेला क्रम द्या, मोठ्याने बोलू नका, आणि गज परत जागेवर ठेवला की दोन खोल श्वास. ५० मीटरवरच्या ‘फ्री रायफल’ गटाच्या निशाण्यात दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, काळा भाग २०० मिलिमीटरचा. पिशव्यांवर टेकून ही रायफल तेवढ्या अंतरावर दीड-दोन इंचांचा ग्रुप देते, म्हणजे तिची नळी दहात बसते. उभ्याने आठ-नऊ लागत असतील तर तो फरक हाताचा आहे.

वारा विसरू नका. गोल गोळी वेग पटकन गमावते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५० यार्डांवर तिला दोनेक इंच ढकलतो आणि १०० यार्डांवर त्याच्या कितीतरी पट. झुळूक ओसरेपर्यंत थांबणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

कायद्याचं: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशा रायफली बहुतेक ‘अँटिक’, म्हणजे नेहमीच्या बंदुकीच्या नियमांतून वगळलेल्या, धरल्या जातात, पण राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत, जिथे मराठी वस्ती मोठी आहे, ठासणीच्या रायफलीलाही खरेदीचं ओळखपत्र लागतं. ब्रिटनमध्ये रायफलीला प्रमाणपत्र आणि काळ्या दारूला वेगळा परवाना. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र परवाना आवश्यक आहे.

जुनी ग्रेट प्लेन्स घेताना नळी दस्त्यातून काढून पाहा. दोन पाचरी सरकवल्या की ती बुडाच्या आकड्यातून सुटते. आधी गज आत टाकून ती भरलेली नाही ना, हे पडताळा. मग बुडाशी, नळीत जिथे दारू बसते तिथे, प्रकाश टाकून खड्डे बघा, आणि बाहेरून नळीवर बोट फिरवून कुठे फुगवटा जाणवतो का ते पाहा. पाचरी सैल असतील तर त्या हलक्या हाताने किंचित वाकवा. सैल पाचरीवर गोळी दर वेळी वेगळीकडे जाते आणि माणूस उगाच दारूचं माप बदलत बसतो.

बार झाले त्याच दिवशी नळी धुवायची. नळीचं बूड बादलीतल्या कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा आणि वरून पॅच लावलेला गज पंपासारखा चालवा, पाणी निपलच्या भोकातून आत ओढलं जातं. उकळतं पाणी नको, नळी वाळताच तांबूस गंज धरते. कोरडे पॅच, मग अल्कोहोलचा एक पॅच कोठीत, मग तेलाचा हलका हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडा पॅच घाला. तो तपकिरी आला तर धुणं अर्धवट राहिलं आहे.